झेंडा दिसतो, पॅकेज दिसत नाही

२३ नोव्हेंबर २०२४ ला संगमनेर विधानसभेचा निकाल लागला आणि थोरात गटाइतकाच धक्का पत्रकारांना बसला. १९८५ मध्ये अपक्ष म्हणून पहिल्यांदा निवडून आलेले, त्यानंतर एकही विधानसभा न हरलेले काँग्रेसचे बाळासाहेब थोरात १०,५६० मतांनी पडले. जिंकले शिंदे गटाचे अमोल खताळ. पाच वर्षांपूर्वी याच मतदारसंघात थोरातांचं मताधिक्य बासष्ट हजारांच्या वर होतं. २०२४ च्या निकालाआधीच्या पंधरवड्यातल्या राज्यभरच्या बातम्यांत थोरात दिसायचे ते महाविकास आघाडीच्या मुख्यमंत्रिपदाच्या संभाव्य दावेदारांमध्ये. ते स्वतःच्या तालुक्यात अडचणीत आहेत, ही शक्यता फारशी कुणी गांभीर्याने घेतली नव्हती.

निकालानंतर गावात दोन वाक्यं ऐकू येऊ लागली. एका बाजूचे म्हणायचे, सगळे चॅनलवाले सरकारने खिशात घातलेत. दुसऱ्या बाजूचे म्हणायचे, चाळीस वर्षं इथल्या पेपरवाल्यांना फक्त साहेबच दिसत होते. दोघेही मनापासून बोलत होते आणि दोघांकडे दाखवायला कात्रणं होती. माध्यमांचा पक्षपात म्हणजे नक्की काय, तो कुठून येतो आणि त्यातला कोणता प्रकार मतदाराचं खरं नुकसान करतो, हा प्रश्न मला या दोन वाक्यांमुळे तपासावासा वाटला.

आधी थोडं बाहेर पाहू. अमेरिकेत नोव्हेंबर २०२६ मध्ये मध्यावधी निवडणूक आहे. अध्यक्ष तोच राहतो. प्रतिनिधिगृहाच्या सर्व ४३५ जागा आणि सिनेटच्या सुमारे एक तृतीयांश जागा लढवल्या जातात. तिथला वाद आपल्याला ओळखीचा वाटेल असाच आहे. १९७६ मध्ये गॅलपच्या पाहणीत ७२ टक्के अमेरिकी लोकांचा वृत्तमाध्यमांवर बऱ्यापैकी किंवा भरपूर विश्वास होता. २०२५ मध्ये तो २८ टक्क्यांवर आला, आणि रिपब्लिकन मतदारांत तर दहा टक्क्यांच्याही खाली गेला. रेडिओ आणि टीव्हीला वादाच्या दोन्ही बाजू मांडायला लावणारा तिथला नियम १९८७ मध्ये रद्द झाला, १९९६ मध्ये फॉक्स न्यूज आलं, आणि पुढच्या काळात तालुक्याएवढ्या गावांची शेकडो स्थानिक वर्तमानपत्रं बंद पडली. गावचा पेपर गेला की गावचा माणूस शाळेच्या आणि रस्त्याच्या प्रश्नावरही देशपातळीवरच्या चॅनलच्या रागाने मत देतो. अमेरिकेचं मला एवढंच घ्यायचं आहे. आपला इतिहास वेगळा आहे आणि तो पक्षपाती पत्रांचाच इतिहास आहे.

मराठी वर्तमानपत्र तटस्थ म्हणून जन्माला आलंच नाही. १८८१ मध्ये 'केसरी' निघाला. आगरकरांचं टिळकांशी पटेना तेव्हा त्यांनी केसरी सोडला आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. वाचकाला दोघांची बाजू पहिल्या ओळीपासून माहीत होती. त्याआधीच, १८७७ मध्ये, कृष्णराव भालेकरांनी सत्यशोधकांचा 'दीनबंधू' सुरू केला होता. भालेकरांचे पुत्र मुकुंदराव पाटील यांनी १९१० मध्ये 'दीनमित्र' काढला आणि तो आपल्याच नगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यात, तरवडी नावाच्या खेड्यातून चालवला. मोठं शहर नाही, रेल्वे नाही, विजेचा पत्ता नाही, अशा ठिकाणाहून हे पत्र १९६७ पर्यंत, मुकुंदरावांच्या अखेरपर्यंत, चाललं. सावकार, भट-भिक्षुक आणि पुण्याचं पुढारीपण यांच्यावर त्यात जे लिहिलं गेलं ते आजही झोंबेल. समतोल वगैरे त्यात शोधू नये. पण दीनमित्र विकत घेणाऱ्या शेतकऱ्याची फसवणूक झाली असं कुणी म्हणू शकणार नाही. तो काय घेतोय हे त्याला ठाऊक होतं, आणि केसरीत त्याच गोष्टीची दुसरी बाजू छापली जाते हेही ठाऊक होतं.

नोव्हेंबर १९५६ मध्ये अत्र्यांचा 'मराठा' आला तो संयुक्त महाराष्ट्राची तोफ म्हणूनच. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जे पाणी पाजलं, त्यात मराठाचा वाटा किती यावर वाद घालता येईल, पण तो कुणाच्या बाजूने लढतोय हे विचारावं लागलं नाही. अत्रे तर स्वतः त्या निवडणुकीत आमदार झाले. १९८८ मध्ये 'सामना' निघाला. त्याच्या पानावर संपादक म्हणून बाळासाहेब ठाकऱ्यांचं नाव होतं. आणखी काय उघड करायचं राहिलं?

या परंपरेला पहिला मोठा छेद दिला नानासाहेब परुळेकरांनी. १ जानेवारी १९३२ ला त्यांनी 'सकाळ' काढला तो मतांपेक्षा बातमीवर, आणि पुण्याच्या नागरिकाला रोज लागणाऱ्या माहितीवर भर देऊन. बाजारभाव, पाण्याची वेळ, नगरपालिकेतली चर्चा. तटस्थ बातमीपत्राची अपेक्षा मराठी वाचकाच्या मनात रुजली ती बरीचशी तिथून. पुढे सगळ्याच मोठ्या दैनिकांनी हा तटस्थपणाचा पेहराव चढवला. मालकी मात्र राजकारणाच्या जवळच राहिली. 'लोकमत' दैनिक करणारे जवाहरलाल दर्डा राज्यात काँग्रेसचे मंत्री होते, त्यांचे एक पुत्र खासदार तर दुसरे मंत्री झाले. 'सकाळ' पवार कुटुंबाकडे गेला. २००८ मध्ये नारायण राण्यांनी 'प्रहार' काढला. यात बेकायदा काही नाही आणि या दैनिकांत नेटाने काम करणारे बातमीदार मी ओळखतो. पण 'सामना' वाचणारा माणूस मनातल्या मनात जी वजावट करतो, ती वजावट तो इथे करत नाही. त्याला तसं सांगितलेलंच नसतं.

२००९ च्या विधानसभेने हे सगळं चव्हाट्यावर आणलं. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण नांदेडच्या भोकरमधून लढत होते. पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त दाखवून दिलं की चव्हाणांची स्तुती करणारा एकच मजकूर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मोठ्या मराठी दैनिकांत शब्दशः छापून आला होता. पानंच्या पानं भरून असा मजकूर आला, त्यावर कुठेही 'जाहिरात' असं लिहिलेलं नव्हतं, आणि चव्हाणांनी निवडणूक आयोगाला दिलेल्या हिशेबात वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये. केबलवरच्या जाहिरातींचे आणखी सहा हजार. भाबड्यातल्या भाबड्या वाचकालाही हा आकडा पचणार नाही.

प्रेस कौन्सिलने परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. त्यांनी ७१ पानांचा अहवाल दिला, त्यात वर्तमानपत्रांची नावं होती. कौन्सिलने तो अहवाल तसाच प्रसिद्ध करायचं टाळलं. माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये तो लोकांसमोर आला. तिकडे चव्हाणांचं प्रकरण निवडणूक आयोग, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय असं फिरत राहिलं. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उमेदवाराने खर्च खरा दाखवला की नाही हे तपासायचा आयोगाला अधिकार आहे. जुलैमध्ये आयोगाने चव्हाणांच्या विरोधात निष्कर्ष काढला, आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. चव्हाणांनी आरोप कायम नाकारला. पाच वर्षं गेली, तोवर विधानसभेची मुदत संपत आली होती. ज्यांनी तो मजकूर छापला त्या वर्तमानपत्रांवर तर या सगळ्यात काही कारवाई झालीच नाही.

इथे आपल्या जिल्ह्यातलाच एक जुना खटला आठवतो. १९९१ च्या लोकसभेला नगरमध्ये काँग्रेसचे यशवंतराव गडाख आणि अपक्ष बाळासाहेब विखे यांची लढत झाली. गडाख जिंकले. प्रचारसभांत आपल्याबद्दल खोटे, बदनामीकारक आरोप केले गेले असं म्हणत विखे न्यायालयात गेले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने १९९३ मध्ये गडाखांची निवड रद्द ठरवली. शरद पवारही त्यात ओढले गेले. त्यांना त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मोकळं केलं. राज्यभर गाजलेल्या या खटल्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली होती: व्यासपीठावर उमेदवार प्रतिस्पर्ध्याच्या चारित्र्याबद्दल खोटं बोलला तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली त्याची निवडच जाऊ शकते. पैसे घेऊन छापलेल्या बातमीला मात्र आजही त्या कायद्यात गुन्हा म्हणून जागा नाही. विधी आयोगाने मार्च २०१५ च्या २५५ व्या अहवालात तशी शिफारस केली, निवडणूक आयोगही ती करत आलाय, आणि ती कागदावरच आहे. व्यासपीठावरचं खोटं पकडणारा आणि पैसे घेऊन छापलेली बातमी सोडून देणारा कायदा मला न्याय्य वाटत नाही.

आता तालुक्यात येऊ, कारण रोजचा पक्षपात इथे तयार होतो. तालुका प्रतिनिधीला अनेक दैनिकांत नावापुरतं मानधन मिळतं. त्याचं घर चालतं ते जाहिरातीच्या कमिशनवर. बातमी आणणारा आणि जाहिरात आणणारा माणूस एकच. तालुक्यात जाहिरात देणारे कोण? साखर कारखाना, दूध संघ, पतसंस्था, बाजार समिती, शिक्षणसंस्था. सहकाराच्या या पट्ट्यात, मग तो प्रवरेच्या अलीकडचा असो की पलीकडचा, यातल्या बहुतेक संस्थांच्या मागे कुणी ना कुणी नेता उभा असतो. वाढदिवसाची पुरवणी, पुण्यतिथीचं पान, गळीत हंगामाच्या शुभेच्छा यावर वर्षाचं गणित बसतं. अशा प्रतिनिधीला कुणी फोन करून धमकवायची गरज पडत नाही. कोणती बातमी दिली तर दिवाळीचं पान जाईल हे तो आपणहून ओळखतो. त्याला लबाड म्हणणं सोपं आहे, पण त्याच्या जागी बसून महिना काढून पाहावा.

निवडणूक लागली की याच व्यवस्थेला 'पॅकेज' म्हणतात. संध्याकाळी उमेदवाराच्या मीडिया सेलकडून व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रेसनोट पडते, सोबत तीन फोटो. दुसऱ्या दिवशी दोन-तीन पेपर शेजारी ठेवून वाचा. 'प्रचारफेरीस उत्स्फूर्त प्रतिसाद', 'महिलांनी ठिकठिकाणी केले औक्षण', 'विजय निश्चित असल्याची सर्वत्र चर्चा'. फोटोची ओळही तीच, तिच्यातली शुद्धलेखनाची चूकही तीच. खाली बातमीदाराचं नाव नाही, नुसतं 'प्रतिनिधी'. शेजारच्या रकान्यात विरोधी उमेदवाराच्या फेरीलाही तितकाच उत्स्फूर्त प्रतिसाद असतो आणि त्याचाही विजय तितकाच निश्चित असतो. दोघांच्या बातम्या सारख्या मापाच्या, म्हणून वाचकाला वाटतं पेपर समतोल आहे. ज्याने पॅकेज घेतलं नाही तो तिसरा उमेदवार त्या पानावर नसतोच. माझ्या मते सगळ्यात मोठा पक्षपात हाच. डावे, अपक्ष, लहान पक्ष यांचे कार्यकर्ते वर्षभर मोर्चे काढतात, आणि निवडणुकीच्या पंधरा दिवसांत छापील जगातून नाहीसे होतात. दत्ता देशमुखांसारखा लाल निशाणवाला नेता ज्या तालुक्याने पाहिला, तिथे हे घडताना पाहून मन विटतं.

पैशाशिवायही कल येतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये तालुक्यातल्या धांदरफळला भाजपचे सुजय विखे यांच्या सभेत त्यांच्याच पक्षाचे वसंतराव देशमुख यांनी बाळासाहेब थोरातांच्या कन्या जयश्री थोरात यांच्याबद्दल अत्यंत हीन शब्द वापरले. त्याच रात्री लोक रस्त्यावर आले, जाळपोळ झाली, गाड्या फोडल्या गेल्या. देशमुखांवर गुन्हा दाखल झाला, दंगलीचेही गुन्हे दाखल झाले. सुजय विखेंनी त्या वक्तव्याचा निषेध केला. हे सगळं एकाच रात्रीचं आणि सगळं खरं. आता मथळा कशाला द्यायचा? वक्तव्याला दिला तर बातमी स्त्रीच्या अपमानाची होते, जाळपोळीला दिला तर कायदा-सुव्यवस्थेची होते. निषेध पहिल्या परिच्छेदात घेतला तर विखे सुटतात, शेवटच्या परिच्छेदात टाकला तर अडकतात. एकही शब्द खोटा न लिहिता दोन विरुद्ध बातम्या तयार होतात, आणि पुढचे आठ दिवस दोन्ही गट आपापलं कात्रण फिरवतात. माझं मत विचाराल तर त्या दिवशीचा मथळा वक्तव्याचाच होता, कारण सुरुवात तिथून झाली होती. जाळपोळीची बातमी त्याच्या शेजारी तेवढ्याच ठळकपणे यायला हवी होती.

मग निकालाची चाहूल का लागली नाही? मला याचं उत्तर पॅकेजमध्ये सापडत नाही. ते सापडतं ओळखीत. चाळीस वर्षं एकच आमदार असला की बातमीदारांची एक पिढी त्याच्याच कार्यालयात चहा पीत मोठी होते. ताफ्यात बसलं की गर्दीच दिसते. बायकांच्या खात्यात 'लाडकी बहीण' योजनेचे दीड हजार जमा होत होते, सुजय विखेंना उमेदवारी मिळाली नाही तरी त्यांच्या गटाची माणसं खताळांसाठी वाड्या-वस्त्यांवर फिरत होती, पठार भागात पाण्याची जुनी तक्रार होती. हे टिपायला ताफ्यातून उतरून घारगाव-साकूरकडे एसटीने जावं लागतं. मुंबईच्या वाहिन्यांची तर गोष्टच वेगळी. चर्चेच्या खिडकीत सहा चेहरे बसवले की त्यांचं काम झालं. बहुतेक एक्झिट पोलनी महायुतीला बहुमत दिलं होतं, पण २८८ पैकी २३० जागा तिन्ही मोठे पक्ष मिळून घेतील हे फारच थोड्यांनी सांगितलं. निकालानंतर महाविकास आघाडीने मतयंत्रांवर आणि मतदारयाद्यांवर शंका घेतल्या, आयोगाने त्या फेटाळल्या. आज संगमनेरच्या एका चौकात बसलेल्या दोन माणसांचं त्या निकालाच्या खरेपणावरच एकमत नाही. अमेरिकेत २०२० च्या निवडणुकीनंतर नेमकं हेच झालं.

आपली मध्यावधी म्हणावी अशी निवडणूक वर्षभराने आली. २०१६ नंतर न झालेली संगमनेर नगरपरिषदेची निवडणूक डिसेंबर २०२५ मध्ये झाली. चार वर्षं प्रशासकाचा कारभार होता. या मतदानाकडे सगळ्यांनी पाहिलं ते थोरात-खताळ लढतीचा दुसरा अंक म्हणून. थोरातांचे भाचे सत्यजित तांबे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या संगमनेर सेवा समितीच्या डॉ. मैथिली तांबे नगराध्यक्ष झाल्या. गमावलेला गड परत मिळवला की नाही, याची भरपूर चर्चा झाली. भूमिगत गटार, म्हाळुंगीवरचा पूल, कचरा डेपो, प्रशासकाच्या काळात झालेल्या खर्चाचा हिशेब यांच्या वाट्याला किती जागा आली? स्थानिक निवडणूक राज्याच्या भांडणाच्या भाषेत लढवली की नागरिकाचा प्रश्न मागे पडतो. मतमोजणीही न्यायालयाच्या आदेशाने २१ डिसेंबरपर्यंत लांबली. मतदान होऊन गेलेलं, निकाल नाही, अशा त्या जवळजवळ तीन आठवड्यांत अफवांना ऊत आला.

त्या अफवा आल्या त्या मोबाइलवर. तालुक्यात आता माईकला स्वतःचा लोगो लावलेली यूट्यूब चॅनलं आहेत. त्यातल्या काही पोरांचं काम मला मनापासून आवडतं. बिबट्याने ओढून नेलेल्या वासराची बातमी, बंद पडलेल्या रोहित्राची बातमी त्यांच्यामुळेच साहेबांपर्यंत पोचते. पण निवडणुकीच्या आधी महिनाभर उगवणारी आणि निकालानंतर मावळणारी पेजही असतात. नाव मोठं भारदस्त, मागे कोण हे कुठेही नाही. राजकीय जाहिरात टीव्हीवर किंवा समाजमाध्यमांवर द्यायची तर आधी प्रमाणित करून घ्यावी लागते. हे पेज मात्र जाहिरात देत नाही, 'जनतेचा कौल' देतं.

यावर देखरेख करायला यंत्रणा नाही असं नाही. विधानसभा-लोकसभेला प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती बसते. पेड न्यूजचा संशय आला तर ती निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला कळवते, अधिकारी ९६ तासांत उमेदवाराला नोटीस देतो, उमेदवाराने ४८ तासांत उत्तर द्यायचं. पेड ठरली तर सरकारी दराने तिची किंमत उमेदवाराच्या खर्चात धरली जाते. विधानसभेला खर्चाची मर्यादा चाळीस लाख आहे, तेव्हा हा चटका लागायला हवा. तो लागत नाही, कारण पैसे रोखीत गेलेले असतात, पावती नसते, छापणारा आणि छापून घेणारा दोघेही नाही म्हणतात, आणि समितीतल्या कारकुनाकडे कात्रणांचा ढीग असतो. शिवाय ही सगळी कारवाई उमेदवारापाशी थांबते. वाचकाला मतदानाच्या दिवसापर्यंत कळतच नाही की परवा वाचलेल्या कोणत्या बातमीवर नोटीस निघाली होती.

इथे कायदा बदलायची वाट न पाहता करण्यासारखं एक काम आहे. समितीने दिलेली प्रत्येक नोटीस, वर्तमानपत्राच्या नावासह आणि मजकुराच्या छायाचित्रासह, त्याच दिवशी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर आणि तहसील कचेरीच्या फलकावर लागली पाहिजे. उमेदवाराचं उत्तर आलं की तेही शेजारी. राज्य निवडणूक आयोगाने नगरपरिषद, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुकांनाही हाच नियम लावावा. ज्या दैनिकाचा मालक राजकारणात आहे त्याने निवडणुकीच्या काळात पहिल्या पानावर तसं एका ओळीत छापावं. मुकुंदराव पाटलांना आपली बाजू सांगायची लाज वाटली नाही, आजच्या मालकांना का वाटावी? आणि तालुका प्रतिनिधीला पगार द्यावा. जाहिरातीचं काम दुसऱ्या माणसाकडे द्यावं. हा खर्च मोठ्या दैनिकांना झेपत नाही हे मला पटत नाही, कारण ज्या गावांतून ती एका निवडणुकीत पुरवण्या भरून पैसे नेतात, तिथल्याच माणसाच्या महिन्याच्या पगाराची ही गोष्ट आहे.